मुजाहमत

नववीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवून झाला होता. फळ्यावर सूत्र लिहिले, त्याखाली दोन उदाहरणे सोडवली, मुलींनी ती वहीत उतरवून घेतली. आमच्या उर्दू पुस्तकात विद्युतधारेला 'बर्की रौ' म्हणतात आणि रोधाला 'मुजाहमत'. तास संपायला पाच मिनिटे असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मुजाहमत रौ को रोकती है ना? तो फिर सर्किट में डालते काय को?"

आम्ही म्हणालो, "अच्छा सवाल है, कल देखेंगे." शिक्षकाला उत्तर येत नसले की तो सवालाची तारीफ करतो, हे मुलांना चांगले ठाऊक असते. बी.एड.ला असताना आम्ही याच नियमाचे पाठ टाचण सुंदर अक्षरात काढले होते, त्याला पूर्ण गुणही मिळाले होते. पण हातात कधी एक रेझिस्टर धरला नव्हता.

(घरी उर्दूत आम्ही स्वतःला 'हम' म्हणतो. मराठी लिहायला बसलो की तेच 'आम्ही' होऊन येते. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये.)

ही २०१८ सालची गोष्ट. त्याच्या दोन वर्षे आधी, २ ऑगस्ट २०१६ रोजी, गोदावरीला मोठा पूर आला होता. सराफ बाजारात पाणी शिरले. आम्ही शाळेत अडकलो होतो आणि अम्मी जुन्या नाशकात घरी एकटी होती. दोन तास तिचा फोन लागला नाही. पाण्यापेक्षा त्या दोन तासांची भीती मोठी होती. पुढे कुठेतरी वाचले की, १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे साथी पोर्ट ब्लेअरलाच रेडिओ लावून बसले होते. फोन बंद पडले तेव्हा बेटांवरच्या माणसांची खुशाली त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीवर गेली. हे मनात राहिले होते. मुलीचा प्रश्न त्याला येऊन मिळाला आणि आम्ही ठरवले, हौशी रेडिओची परीक्षा द्यायची. मुलीला उत्तर देण्यासाठी एवढा लांबचा रस्ता कशाला, असे कोणी विचारील. पण बत्तिशीच्या आसपासच्या माणसाला परीक्षेची तारीख पुढे असल्याशिवाय अभ्यास होत नाही, हा आमचा अनुभव आहे.

ही परीक्षा दूरसंचार खात्याची. तेव्हा १९७८ चे नियम लागू होते. दोन श्रेणी होत्या. वरच्या श्रेणीला मोर्सची टिकटिक यावी लागे, खालच्या श्रेणीला ती नसे. आम्ही खालची निवडली. पेपरचे दोन भाग. एकात रेडिओचे सिद्धांत, दुसऱ्यात नियमावली. दोन्ही इंग्रजीत.

इथे आमची पहिली पंचाईत झाली. आम्ही विज्ञान उर्दूत शिकलो, शासनाची परिपत्रके मराठीत वाचतो आणि परीक्षा इंग्रजीत. तरंगलांबीला आमच्याकडे 'तूल-ए-मौज'. ऐकायला गझलेतला शब्द वाटतो, पण पेपरात तो 'वेव्हलेंग्थ' बनून येतो. आम्ही वहीत तीन रकाने आखले. रोध, मुजाहमत, रेझिस्टन्स. वाहक, मोसिल, कंडक्टर. महिनाभरात दीडशे शब्द झाले. मग चौथा रकाना आखावा लागला, तो भद्रकालीतल्या चाचांमुळे.

चाचा पन्नास वर्षे रेडिओ दुरुस्त करत होते. आता दुकानात मिक्सर आणि पंखेच जास्त येत. ते कपॅसिटरला 'कंडेन्सर' म्हणत आणि रेझिस्टरला नुसते 'रेझिस्टन्स'. ओहमचे नाव त्यांनी ऐकले नव्हते, पण जळालेला रेझिस्टर ते वासावरून ओळखत. आम्ही शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या हातात एक लाल एलईडी आणि नऊ व्होल्टची बॅटरी दिली. म्हणाले, "जोडो, मास्तर." आम्ही जोडली. एकदा लखकन उजेड पडला आणि एलईडी कायमची गेली. चाचा म्हणाले, "अब बीच में रेझिस्टन्स डालो."

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. बॅटरी नऊ व्होल्टची, लाल एलईडीला दोन पुरतात. उरलेले सात रेझिस्टरने स्वतःवर घ्यायचे. एलईडीला वीस मिलिअँपिअरपेक्षा जास्त धारा सोसत नाही. सात भागिले शून्य दशांश शून्य दोन, उत्तर तीनशे पन्नास ओहम. चाचांनी डबीतून चारशे सत्तरचा काढून दिला. धारा पंधरा मिलिअँपिअरवर आली आणि एलईडी शांतपणे जळत राहिली. चाचांनी हा हिशेब कधी केला नव्हता. नऊ व्होल्टला चारशे सत्तर, हे त्यांच्या बोटांना माहीत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीच सामग्री वर्गात नेली. त्या मुलीलाच उभे केले. एक एलईडी तिच्या हातून जळू दिली, दुसरी पेटवून घेतली. ती म्हणाली, "मतलब मुजाहमत न हो तो बत्ती मर जाती." आम्ही सात वर्षे हा धडा शिकवत होतो, पण एवढे साधे वाक्य आम्हाला सुचले नव्हते.

रेझिस्टरवरच्या रंगांचे पट्टे पाठ करायचे होते. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. मुलींनी त्याचा पहाडा केला, "काला सिफर, भूरा एक, लाल दो." मदरशात सबक घोकतात तशा झुलत म्हणू लागल्या. शेजारच्या वर्गावरच्या बाई बघायला आल्या, विज्ञानाच्या तासाला काय चालले आहे म्हणून. सोल्डरिंग मात्र आम्हाला लवकर जमले नाही. आमचा प्रत्येक जोड चाचा नखाने हलवून बघत आणि म्हणत, "ड्राय सोल्डर." वरून चकचकीत, आतून सुटलेला. तार आधी तापवायची, कथील नंतर लावायचे. आम्ही नेमके उलटे करत होतो.

लायसन मिळेपर्यंत बोलता येत नाही, पण ऐकायला कोण अडवतो? घरच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्हला सात मेगाहर्ट्झच्या आसपास काटा नेला की सकाळी बदके बोलत असल्यासारखा आवाज येई. चाचा म्हणाले, ही माणसेच आहेत. हौशी लोक सिंगल साइडबँडवर बोलतात, त्यात मूळ वाहक लहर काढून टाकलेली असते. ती परत मिसळल्याशिवाय शब्द लागत नाहीत. त्यांनी दुसरा ट्रान्झिस्टर शेजारी ठेवला आणि पहिल्याच्या साधारण साडेचारशे किलोहर्ट्झ खाली लावला. ट्रान्झिस्टरच्या पोटात स्वतःची एक लहर तयार होत असते, ती काट्याच्या ४५५ किलोहर्ट्झ वर असते. दुसऱ्या सेटची ती लहर पहिल्यात शिरली आणि बदकांची माणसे झाली. कोणीतरी हवामान विचारत होते, कोणी पाठदुखीबद्दल सांगत होते. अब्बा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "ये तो अपने जैसेच लोग हैं."

पण अब्बांना हे सारे पसंत नव्हते. पोस्टातून रेडिओचे लायसन काढावे लागे, ते दिवस त्यांनी पाहिलेले. शिवाय आमचा जिल्हा मालेगावचा. २००६ च्या स्फोटांत ज्या मुस्लिम तरुणांना पकडले, त्यांना न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले. मधली वर्षे कोण परत देणार, हा प्रश्न आमच्या प्रत्येक ओट्यावर बोलला जातो. अब्बा म्हणत, "बेटा, घर में तार, बॅटरी, सर्किट... तू मास्तर है, तुझे मालूम है. देखने वाले को क्या मालूम?" आम्ही वाद घातला नाही. फक्त सामानाची प्रत्येक पावती फाइलला लावू लागलो. लॅमिंग्टन रोडवरून दोन रुपयांचा कंडेन्सर आणला तरी पावती मागायचो. दुकानदार हसायचा.

पहिल्या प्रयत्नात आम्ही नापास झालो. नियमावली निघाली, सिद्धांतात गेलो. मिली, मायक्रो आणि पिको यांच्या घोळात तीन ठिकाणी दशांश चिन्ह चुकले. याच चुकीसाठी आम्ही दरवर्षी मुलांचे गुण कापतो. लपवावेसे वाटले, पण वर्ग वाट पाहत होता. आम्ही सांगून टाकले. क्षणभर सगळे गप्प झाले, मग मागून आवाज आला, "सर, फेरपरीक्षा होती क्या?" सगळा वर्ग हसला, आम्हीही हसलो. त्या वर्षी घटक चाचणीत नापास झालेल्या मुली आमच्याकडे पेपर घेऊन न लाजता आल्या, हे आम्ही नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या वेळी अभ्यासाला एक कहाणी सापडली. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला तो सुरू झाला, १२ नोव्हेंबरला पकडला गेला. त्याचा प्रक्षेपक बांधला नरीमन प्रिंटर यांनी, आणि त्यांच्याकडे पूर्वी हौशी रेडिओचा परवाना होता. केंद्र लागे ४२.३४ मीटरवर. आम्ही तीनशेला ४२.३४ ने भागले, मीटरवरून मेगाहर्ट्झ काढण्याची हीच रीत आहे. उत्तर सातच्या किंचित वर आले. म्हणजे ज्या पट्ट्यावर आमची बदके बोलत होती, तोच पट्टा. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. उर्दूत 'मुजाहमत' हा शब्द अन्यायाला केलेल्या प्रतिकारासाठीही वापरतात. वर्गात हे सांगितले, तेव्हा फळ्यावरचे सूत्र पुसायला कोणी उठले नाही.

दुसऱ्या वेळी पास झालो. मग लायसनचा अर्ज, आणि त्यासाठी पोलीस पडताळणी. एक हवालदार सकाळी अकरा वाजता गल्लीत आले. माणूस सज्जन होता. चहा घेतला, पुस्तक चाळले, आमच्या वॉकीटॉकीचा आवाज पुलाखाली का जातो म्हणून विचारले. आम्ही लहरींचे सांगितले. ते सही घेऊन गेले. त्यांचे काम वीस मिनिटांत संपले, गल्लीचे मात्र महिनाभर संपले नाही. "मास्तर के घर पोलीस काय को आयी थी?"

त्या दिवसांत धाकट्या बहिणीला स्थळ आले होते. मंडळी दोनदा येऊन गेली होती, गोड बोलली होती. हवालदार येऊन गेल्यानंतर त्यांचा फोन आला नाही. मधल्या माणसाला विचारले तर म्हणाला, लडके की नौकरी का कुछ चल रहा है. खरे कारण काय, ते कोणी सांगितले नाही. अब्बा आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. आम्ही रात्री बहिणीला म्हणालो, "अर्ज मागे घेतो." ती भाकरी थापत होती. वर न पाहता म्हणाली, "भाईजान, अर्ज आपका है, मेरे नाम पे मत वापस लो." एवढेच. त्यात माफी होती की नाही, ते आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. तिचे लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडे झाले, ती सुखात आहे. पण त्या महिन्यात ती बाजारात जाताना मान खाली घालून गेली, तो हिशेब कोणत्या सूत्राने मांडायचा?

लायसन आले तेव्हा जवळजवळ वर्ष उलटले होते. अब्बांनी ते चष्मा लावून दोनदा वाचले, झेरॉक्स काढायला सांगितली आणि एक प्रत स्वतःच्या पाकिटात ठेवली. मग गच्चीवर आले. सात मेगाहर्ट्झच्या एरियलला सुमारे वीस मीटर तार लागते, मधून दोन्ही बाजूंना दहा दहा. पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या टोपीपर्यंत ती बसेना. शेवटी दोन्ही टोके तिरपी खाली उतरवली. एक टोक अब्बांनी धरले. मधला जोड आम्ही केला, चाचांनी नखाने हलवून पाहिला आणि काही बोलले नाहीत.

पहिल्या सकाळी आमची हाक एका मराठी आवाजाने उचलली. सांगलीकडचे निवृत्त गृहस्थ होते. हौशी रेडिओवर धर्म, राजकारण आणि धंदा बोलायचा नाही, असा रिवाज आहे. आधी कॉलसाइन सांगायची, मग नाव, गाव आणि आवाज कसा येतो ते. आम्ही आमचे नाव सांगितले. माईकचे बटण सोडल्यावर जो क्षणभर खरखराट येतो, त्यात आम्ही थांबलो. अशा वेळी थांबायची आम्हाला सवय आहे.

पलीकडून आवाज आला, "नाशिक, तुमचा आवाज स्पष्ट येतोय. थोडा गुणगुणाट आहे, पॉवर सप्लायचा कंडेन्सर बघा."

चाचांनी संध्याकाळी कंडेन्सर बदलला.