तडा दाखवा, भिंत लपवा!

बाजाराला जात नसते, असे आम्हाला वारंवार सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकालाही आजवर आडनाव सांगताना थांबावे लागलेले नाही, हे आम्ही आधीच नमूद करतो.

गेल्या वर्षी आमच्या कलापथकाने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन विकायला काढली. फोटो काढले ते आमच्या तालमीच्या खोलीत. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा निळ्या कोटातला फोटो आणि शेजारी तथागत. जुनी वाद्ये घेण्या-विकण्याच्या धंद्यात मुरलेल्या आमच्या एका मित्राला जाहिरात दाखवली. चांगला मुलगा आहे, आमच्यातलाच आहे. तो म्हणाला, "दादा, गिटारीला तडा गेलेला आहे ते ठळक लिहा, जवळून फोटो टाका. लपवलंत तर भांडण होईल. आणि मागची भिंत तेवढी कापून टाका. गिऱ्हाईक बिचकतं."

त्याच्या सल्ल्यातला पहिला भाग प्रामाणिकपणाचा होता आणि दुसरा लपवाछपवीचा, पण त्याने दोन्ही एकाच दमात सांगितले. यावर आमच्या पथकात जे भांडण झाले ते दोन तालमी पुरले.

पण आधी ही गिटार आमच्याकडे आली कशी, ते सांगायला हवे.

आम्ही परभणी भागातले सात जण. चौदा एप्रिल, सहा डिसेंबर, धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि अधूनमधून एखादे लग्न. ढोलकी, हार्मोनियम, डफ, एक जुना कीबोर्ड एवढ्यावर आमचे चालत असे. मग आमच्यातला सर्वांत धाकटा कुणाच्या तरी मोडक्या गिवसनवर हात बसवून आला आणि म्हणाला, आपल्या गाण्यांना इलेक्ट्रिक गिटार पाहिजे. ज्येष्ठांनी नाके मुरडली. "हे इंग्रजी खूळ आपलं नाही. आपली हलगी, आपली ढोलकी."

आम्हाला हा युक्तिवाद तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. हलगी आम्हाला प्रिय आहे, पण अनेक गावांत ती वाजवणे ही आमच्या माणसांवर लादलेली कामगिरी होती. मेलेल्याच्या पुढे वाजवा, जत्रेत वाजवा आणि मोबदल्यात शिळे खा. गिटार आमच्यावर कुणीच लादली नाही. ती आम्ही मागितली, पैसे जमवून मागितली. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. ते वाद्य कुठल्या आळीतले, असा प्रश्न त्यांनी केला नाही. आणि तमिळनाडूत २०१८च्या जानेवारीत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा मंचावर उभे राहिले, तेव्हा पराई आणि इलेक्ट्रिक गिटार शेजारी शेजारीच वाजत होत्या. पराई म्हणजे तिकडची, अस्पृश्य मानले गेलेले चामड्याचे वाद्य. तिथे कुणाचे काही बिघडले नाही. असो. ज्येष्ठांचे मन वळायला एक चौदा एप्रिल जावा लागला.

नवी गिटार परवडणारी नव्हती. म्हणून जुनी, म्हणून ऑनलाइन. परभणीत जुनी इलेक्ट्रिक गिटार मिळायची कुठे?

पुण्याच्या एका जाहिरातीत यामाहाची पॅसिफिका ०१२ होती, तेरा हजारांना. जाहिरातीत लिहिले होते, 'चांगल्या घरातली, एकाच हातातली'. आम्ही हसलो, कारण गिटारीचे घराणे आम्ही पहिल्यांदाच वाचत होतो. आमच्या धाकट्याने संदेश पाठवला. त्याच्या ॲपवरच्या नावात आडनाव नव्हते. बोलणे छान चालले. फ्रेटची झीज किती, पिकअप मूळचे का, ट्रस रॉड फिरतो का, सगळे विचारून झाले. साडेबारावर सौदा ठरला. कुरिअरसाठी पूर्ण नाव आणि पत्ता द्यायचा होता, तो दिला. पत्त्यात आमच्या नगराचे नाव आले, आणि त्या नगराला कुणाचे नाव आहे हे वेगळे सांगायला नको. अर्ध्या तासाने उत्तर आले : "घरी विचारून सांगतो." संध्याकाळी : "सॉरी, विकली गेली."

जाहिरात पुढचे नऊ दिवस तशीच होती.

आता कुणी म्हणेल, हा जातीयवाद कशावरून? त्याच्या घरी खरेच काही अडचण निघाली असेल. असेलही. आम्ही तो माणूस पाहिलेला नाही. पण आमच्या ढोलकीवाल्या ताईंचे माहेरचे आडनाव पाटील. बौद्धांमध्येही पाटील असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सहाव्या दिवशी ताईंनी त्या नावाने, जिंतूर रोडच्या नातेवाइकांचा पत्ता देऊन विचारले. उत्तर आले : "आहे ना! बारा हजार द्या फायनल." म्हणजे पाचशे रुपये कमीच.

गिटार समोर होती, पैसे हातात होते, नाव उसने होते. धाकटा म्हणाला, घेऊन टाकू, गिटारीला कुठे कळतंय? त्याचे म्हणणे व्यवहाराचे होते, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा परदेशातल्या दोन नामांकित विद्यापीठांत शिकून आलेल्या त्या माणसाला राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लिहून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे कसलाही आडपडदा न ठेवता लिहिले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला. उसने नाव घ्यावे लागणे हा उसने घेणाऱ्याचा अपराध नव्हे, हे आम्ही तिथून शिकलो. पण ताईंनीच नकार दिला. म्हणाल्या, "माझं नाव खरं आहे रे, पण त्याला जे वाटतंय ते खोटं आहे. तेवढ्यावर मी बारा हजार देणार नाही."

पुण्याची गिटार आम्ही सोडली.

इथे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची एक गोष्ट आठवते, कारण ती आमच्या गोष्टीच्या बरोबर उलटी आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत वंशभेदाच्या काळात काळा माणूस गावच्या दुकानात गेला की सगळ्या गोऱ्यांचे होईपर्यंत थांबायचा, आणि मग दुकानदार देईल तो माल, देईल त्या भावाने घ्यायचा. सीअर्स या कंपनीचा कॅटलॉग घरी येऊ लागला तेव्हा फॉर्म भरून, टपालाने, गोऱ्याला लागतो त्याच भावाने माल मागवता येऊ लागला. इतिहासकार लुई हायमन यांनी हे नीट मांडले आहे. त्या कॅटलॉगमध्ये गिटारीही असत. ब्लूज गायक मडी वॉटर्स सांगत की त्यांची पहिली गिटार अडीच डॉलरची, सीअर्सकडून आलेली. पुढे याच वाद्याला वीज जोडून त्या लोकांनी जगाचे संगीत बदलले.

सीअर्सला काळ्यांचा कळवळा आला नव्हता, कंपनीला धंदा हवा होता. पण कॅटलॉगवाल्याला गिऱ्हाईकाचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून गिऱ्हाईकाला माणूस म्हणून खरेदी करता आली. आमचे ॲप नाव, फोटो, गाव, वस्ती हे सगळे सौद्याच्या आधी समोर ठेवते. विश्वास वाढावा म्हणून ही सोय आहे, असे सांगतात. कुणाचा कुणावर विश्वास, हे सांगत नाहीत.

शेवटी बंगळुरूच्या एका गृहस्थांकडून एपिफोनची लेस पॉल जातीची गिटार अकरा हजारांना मिळाली. ('जातीची' हा शब्द आम्ही सवयीने लिहिला, राहू द्या.) त्यांनी आडनाव पाहिले, पत्ता पाहिला, आणि विचारले ते एवढेच : "तुमच्याकडे पावसात दमट हवा असते का? मान वाकेल."

मान वाकली नाही, मोडली. या गिटारीचे डोके मागे झुकलेले असते आणि मान तिथेच सर्वांत बारीक असते. सहा तारांचा मिळून ताण ४५ किलोच्या आसपास. त्या गृहस्थांनी तारा ढिल्या केल्या नव्हत्या, डोक्याखाली आधार दिला नव्हता. खोका कुठेतरी आपटला आणि डोक्यामागे बोटभर लांब तडा गेला. कुरिअरवाल्यांकडे भरपाई मागितली तर उत्तर आले, जाहीर किंमत दोन हजार लिहिली आहे आणि पॅकिंग अपुरे आहे. शुल्क वाचवायला किंमत कमी लिहिण्याची पद्धत सगळ्यांचीच आहे, आणि ती सगळ्यांनाच कधी ना कधी भोवते. कुरिअर मुळात महाग पडते, कारण वजन खोक्याच्या आकाराचे धरतात. ११० बाय ४५ बाय १५ सेंटिमीटरच्या खोक्याला ५०००ने भागले की जवळजवळ पंधरा किलो होतात. आतली गिटार चार किलोची, म्हणजे अकरा किलो हवेचे पैसे आपण भरतो.

याबाबतीतही बाबासाहेब आम्हाला आठवले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले होते. म्हणजे तेही जुन्या मालाचे गिऱ्हाईकच. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान वेगळ्या बोटीने निघाले आणि ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. टॉमस कुक कंपनीकडून भरपाईचे ६०० रुपये मिळाले, त्यातूनच बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली. बुडालेल्या सामानाची भरपाई मिळाली, पण बडोद्याला जे झाले त्याची भरपाई कुणाकडे मागायची, त्याचा फॉर्म अजून निघालेला नाही.

बंगळुरूच्या गृहस्थांनी फोटो पाहून मागणी न करता चार हजार परत पाठवले. हे लिहिणे आवश्यक आहे, कारण 'तुम्हाला सगळीकडे जातच दिसते' असे म्हणणारे टपलेलेच असतात. आम्हाला माणसेही दिसतात, दिसली की लिहितो.

तडा सांधला तो आमच्या वस्तीतल्या एका सुतार काकांनी. त्यांनी गिटार आयुष्यात हातात धरली नव्हती. तडा हलकेच उघडून आत गोंद पोहोचवला, दोन शिकंजे लावले आणि चोवीस तास हात लावू दिला नाही. म्हणाले, "जिथं चिकटवलं तिथं आता मोडत नाही. मोडली तर शेजारी मोडंल." त्या गिटारीवर आम्ही तीन चौदा एप्रिल काढले.

नंतर धाकट्याला नोकरी लागली, त्याने स्वतःची नवी घेतली, आणि पथकाला बेस गिटारीसाठी पैसे हवे होते. म्हणून ही विकायला काढली आणि भिंतीचा प्रश्न उभा राहिला.

पथकातले अर्धे जण म्हणाले, फोटो शेजारच्या पांढऱ्या भिंतीसमोर काढा, आपल्याला पैसे पाहिजेत, प्रबोधन नको. दुसऱ्या बाजूचा मुद्दा ताईंनी मांडला आणि आम्हाला तो आजही निरुत्तर करणारा वाटतो. या बाजाराचा नियम काय? वस्तूतला दोष उघड करा. तडा उघड करा, झीज उघड करा, बदललेले पिकअप उघड करा. आणि जे दोष नाही ते झाका, असे कुणी सांगत असेल, तर त्याने ते दोषांच्या यादीत आधीच टाकलेले आहे. गिटारीच्या जाहिरातीत मागे गणपती असतो, शिवरायांचा पुतळा असतो, कुठे येशूचा क्रूस असतो. त्यांना कुणी कापा म्हणत नाही. बाबासाहेब मात्र कापायचे?

भिंत राहिली. फोटोत तडाही होता, तथागतही होते.

काय झाले ते सांगतो. पहिल्या आठवड्यात दोघांनी चौकशी केली. एकाने विचारले, "तुम्ही लोक यावर काय वाजवता?" आम्ही गाण्याचा दुवा पाठवला, तो पुन्हा बोलला नाही. लातूरहून एकाने 'क्रांतिकारी जय भीम' लिहिले आणि मग इतकी घासाघीस केली की पुण्याचा माणूस बरा वाटावा. नऊ हजारांची अपेक्षा होती, सात हजार पाचशेला गेली, तेविसाव्या दिवशी. दीड हजारांतले किती तड्याचे आणि किती भिंतीचे, हे आम्ही मोजू शकत नाही. मित्र म्हणतो सगळे भिंतीचे. सुतार काका म्हणतात सगळे तड्याचे, आणि त्यांना त्याचे वाईट वाटते.

घेणारा रत्नागिरीकडचा कॉलेजातला मुलगा. त्याने तड्याबद्दल तीनदा विचारले, भिंतीबद्दल एकदाही नाही. शेवटी मात्र लिहिले, "मागचा फोटो मस्त आहे, माझ्याकडे असाच आहे" की "माझ्याकडे नाही", यातले एक. कोणते ते आम्ही सांगणार नाही. लेबलसाठी त्याने पूर्ण नाव पाठवले. आडनाव आम्ही वाचले, वाचावेच लागते, आणि तेही इथे लिहीत नाही.

मग आम्ही तारा ढिल्या केल्या. डोक्याखाली जुनी सतरंजी दुमडून घातली, मानेच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा, अंगाभोवती फुगेवाले प्लास्टिक, खोका हलवून आत काही सरकत नाही ना ते पाहिले. जाहीर किंमत सात हजार पाचशे, पूर्ण. पाठवणाऱ्याच्या रकान्यात धाकट्याने स्वतःचे नाव लिहिले, आडनावासकट, नगराच्या नावासकट, मोठ्या अक्षरात.