बोललेलं दान आणि दोन खाती



ग्वांगझूला आल्यावर ह्यांनी मुद्दाम परदेशी बँकेत खातं उघडलं, तिथे इंग्रजी बोलतात म्हणून. पण इथे भाजीसुद्धा मोबाईलवरून पैसे देऊन घ्यायची, आणि आमचं कार्ड त्यात जोडलंच जाईना! मग चिनी बँकेत दुसरं खातं काढलं. पगार त्यातच येऊ लागला.

पर्युषणात गावच्या मंदिरात अभिषेकासाठी रक्कम बोलले होते. युआनचे डॉलर करून पाठवायचे तर नोकरीचा करार हवा, कर भरल्याचा दाखला हवा. ह्यांच्या ऑफिसातून कागद येईपर्यंत अनंत चतुर्दशी उलटली. बोललेलं दान राहिलं, घास गोड लागेना.

शेवटी भाऊजींनी तिकडे पैसे भरले. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "पावती कुणाच्या नावानं करायची गं?"

मी म्हटलं, "भाऊजींच्याच."