केपवाल्या नानांची वाट

आमच्या मुरुड तालुक्यात परदेश पाहिला नाही असे मुसलमानाचे घर शोधून सापडायचे नाही. कुवेत, दोहा, दमाम, मस्कत ही नावे आमच्या मुलांना पेण-पनवेलच्या आधी पाठ होतात. पण परदेशात फिरायला गेलेला माणूस दाखवा म्हटले, तर तो मात्र सापडत नाही. आमच्याकडे परदेशी जायचे ते कमवायला, नाहीतर हजला. तिसरे कारण कोणी सांगितले तर लोक आधी तोंडाकडे बघतात आणि मग विचारतात, "सगळं ठीक आहे ना?"

हे तिसरे कारण घेऊन आम्ही गेली काही वर्षे बसलो आहोत. आम्ही म्हणजे दोघे नवरा-बायको. एक उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, दुसरा बारा वर्षे सौदीत ट्रेलर चालवून घरी परतला आणि आता मुरुड-अलिबाग टेंपो चालवतो. सौदीतली ती बारा वर्षे दमाम ते रियाध या रस्त्यावर गेली. चारशे किलोमीटर जायचे, माल उतरवायचा, चारशे किलोमीटर यायचे. घरी आल्यावर मुलीने विचारले, "अब्बा, रस्त्याच्या कडेला काय काय दिसायचं?" उत्तर आले, "कडेला बघायचा पगार नव्हता बेटा."

त्या उत्तरावर सगळे हसलो खरे, पण रात्री झोप लागली नाही. बारा वर्षे रस्त्यावर काढलेल्या माणसाने एकदा तरी स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वेगाने गाडी चालवावी, कडेला थांबावे, चहा प्यावा, असे आमच्या मनात आले. पण कुठे? ते ठरवले एका पत्र्याच्या पेटीने.

ती पेटी अम्मींची, म्हणजे आमच्या सासूबाईंची. तिच्यात त्यांच्या वडिलांची, नानांची, पत्रे आहेत. नाना 'केपवाले' होते. आमच्या भागातल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेव्हाच्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतले बरेच कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले. कोणी दुकान टाकले, कोणी फळे विकली, कोणी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी धरली. 1913 च्या कायद्याने नव्या हिंदी माणसांना तिथली दारे बंद झाली. ज्यांचा आधीचा हक्क होता ते परवाना घेऊन ये-जा करीत. नाना लहानपणी आपल्या वडिलांच्या हक्काने गेलेले. कमाई तिकडे, बायको-मुले इकडे. अम्मींचा जन्म 1953 चा. त्या रांगत होत्या तेव्हा नाना शेवटचे गावी आले होते. त्यानंतर आली ती फक्त पत्रे आणि पैसे, आणि एके दिवशी शेजारच्या गावी परतलेल्या एका माणसाच्या तोंडून त्यांच्या इंतकालची खबर. कबर कुठल्या कब्रस्तानात आहे हे त्या माणसालाही नीट सांगता आले नाही. शोध घ्यायला जाणार तरी कोण? भारताने 1946 मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, आणि आपल्या पासपोर्टवर तो देश वगळल्याचा शिक्का असे. दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले ते 1993 मध्ये. तोवर अम्मींची चाळिशी आली होती.

पत्रे उर्दूत आहेत, शिकस्ता वळणाची. अम्मींना कुरआन शरीफ वाचता येते, पण हे अक्षर लागत नाही. लग्न होऊन या घरात आलो तेव्हा त्यांनी पहिल्याच महिन्यात पेटी पुढे केली आणि म्हणाल्या, "उर्दूची मास्तरीण आणली आहे, तर वाच." बी.एड.च्या पदवीचा एवढा थेट उपयोग पुन्हा कधी झाला नाही.

त्यातले 1956 चे एक पत्र आमच्या घरात 'लॉरीचे पत्र' म्हणून ओळखले जाते. नाना डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत एका किराणा दुकानात कामाला होते. मार्च सरला की मालक त्यांना लॉरीबरोबर आतल्या मुलखात फळे आणायला पाठवी. वूस्टर, रॉबर्टसन, मॉण्टेग्यू अशी गावे त्यांनी उर्दूत ठळक करून लिहिली आहेत. तिकडे ऋतू उलटे. आपल्याकडे उन्हाळा तापू लागतो तेव्हा तिकडे पानगळीची सुरुवात होते. नानांनी लिहिले आहे की द्राक्षाची पाने पिकून तांबडी होतात आणि सगळा डोंगर मेंदी लावल्यासारखा दिसतो. त्याच पत्रात, जाता जाता, हेही आहे की गावातल्या हॉटेलात आपल्या रंगाच्या माणसाला जागा देत नाहीत, म्हणून रात्री लॉरीतच झोपलो, थंडी होती, पण तबियत बरी आहे, काळजी नसावी.

तर हाच रस्ता आम्हाला घ्यायचा आहे. त्याच मोसमात, भाड्याच्या गाडीने, सावकाश. आणि रात्री गावात खोली घेऊन, बिछान्यात झोपून.

आता बेत आखण्याची कहाणी ऐका. पहिला बेत ट्रेलरवाल्याने केला. केपटाऊन ते दरबान, एकेरी सोळाशे किलोमीटर, आणि परत. मुलीने पट्टी घेऊन नकाशावर मोजले आणि म्हणाली, "अब्बा, हे तर पुन्हा सौदीच झालं." दरबान खोडले. दुसरा बेत असा उतरला: तीन दिवस केपटाऊन, मग पार्ल, वूस्टर, मॉण्टेग्यू. तिथून 62 क्रमांकाच्या रस्त्याने बॅरीडेल आणि औट्सहूर्न, कारण शहामृग पाहिल्याशिवाय मुलगी यायला तयार नाही. मग डोंगर उतरून मोसेल बे आणि किनाऱ्याकडच्या रस्त्याने माघारी. एकूण साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास, सहा दिवसांत. दिवसाला सरासरी एकशे साठच्या वर काही नाही.

पार्ल आणि वूस्टरच्या मध्ये डोंगर आडवा आहे. त्यातून 1988 मध्ये सुमारे चार किलोमीटरचा बोगदा झाला, गाड्या पाच मिनिटांत पार होतात. पण वरून जुना डू टॉइट्सक्लूफ घाट अजून आहे. महायुद्धातल्या इटालियन कैद्यांनी त्याच्या कामावर घाम गाळला, आणि 1949 मध्ये तो खुला झाला. म्हणजे नानांची लॉरी या घाटानेच गेली असणार. आम्ही बोगदा खोडून घाट लिहिला. वेळ वाचवून करायचे काय, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदाच विचारला गेला.

मोसेल बेचेही एक कारण आहे. बार्तोलोमेउ दियश हा पोर्तुगीज खलाशी 1488 मध्ये तिथे उतरला. दहा वर्षांनी वास्को द गामा त्याच वाटेने कालिकतला पोचला, आणि पुढे त्याच पोर्तुगीजांनी आमच्या चौल-रेवदंड्यात ठाण मांडले. कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज वळणाची बोली अजून बोलतात. तो रस्ता आमच्या दारात कुठून आला, ते उलट्या बाजूने पाहायचे आहे.

उलटी बाजू म्हटल्यावर आणखी एक गंमत. आमच्या या मुलखाला जुनी माणसे 'हबसाण' म्हणत. जंजिऱ्याचे सिद्दी हबशातून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून आले, म्हणून हबसाण. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, पण शब्द राहिला. मुंबईहून केपटाऊनला एक विमान अदिस अबाबाला थांबून जाते. म्हणजे आम्ही हबसाणातून निघून हबशात उतरणार. हजरत बिलाल यांच्या पूर्वजांचा आणि पहिल्या हिजरतीला आसरा देणाऱ्या नजाशीचा तो मुलूख. दोन तास का होईना, विमानतळावरच का होईना.

नातेवाइकांचे प्रश्न सुरू झाले. तिकडे नमाज कुठे पढणार? आम्ही सांगितले, केपटाऊनच्या बो-काप भागातली अव्वल मशीद 1794 ची आहे. पार्ल-वूस्टरलाही मशिदी आहेत. तिथले बहुतेक मुसलमान आपल्यासारखेच शाफई आहेत. डच लोकांनी जावा-सुमात्राकडून गुलाम आणि कैदी करून नेलेल्यांची ती औलाद. मकासरचे शेख यूसुफ यांना 1694 मध्ये तिकडे हद्दपार केले, त्यांची मजार परतीच्या रस्त्यालगतच आहे. आणि उर्दू मास्तरणीसाठी खास गोष्ट ही की या लोकांनी आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहिली. उस्मानी खिलाफतीने पाठवलेले अबू बक्र एफेंदी यांचे 'बयानुद्दीन' हे त्या भाषेतले पुस्तक 1877 मध्ये इस्तंबूलला छापले गेले. आमच्या वर्गातली मुले विचारतात, उर्दू शिकून काय होणार? त्यांना सांगायला हे बरे आहे, की लिपी माणसाबरोबर किती लांब जाते.

पण खरा प्रश्न अम्मींनी विचारला. "सुनेचा हज झाला नाही आणि सैर-सपाट्याचे नकाशे काय काढता?" घरातल्या दोघांचा हज झाला आहे, आमच्यापैकी एकीचा नाही. पैसे मोजके आहेत. तसे ते आधीही एकदा जमले होते, पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले आणि ती सगळी रक्कम घराच्या पत्र्यांना आणि मोडलेल्या सुपारीला गेली. आता पुन्हा जमले आहेत ते एका कामापुरते.

आम्ही मौलानांकडे गेलो. त्यांनी शांतपणे समजावले की आपल्या शाफई मसलकात पक्का इरादा असेल तर हज लांबणीवर टाकायला जागा आहे. जमीन फिरून पाहा, आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे तर कुरआनातही वारंवार सांगितले आहे. मग थोडे थांबून म्हणाले, "मात्र उद्याचा भरवसा कोणी दिला आहे तुम्हाला?" त्या वाक्याने आम्हाला दोन्हीकडून पकडले. उद्याचा भरवसा नाही म्हणून हज आधी. आणि उद्याचा भरवसा नाही म्हणूनच केपही आधी, कारण अम्मींचे वय सत्तरीच्या पुढे आहे.

कारण बेतात एक कलम असे आहे, जे आम्ही अम्मींना सांगितलेले नव्हते. नाना ये-जा करीत तेव्हाच्या परवान्यांवर माणसाचा फोटो आणि हाताचे ठसे घेत असत. त्या फायली केपटाऊनच्या सरकारी अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत. इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी त्यांच्यावरून तिथल्या हिंदी लोकांचा इतिहास लिहिला आहे. अम्मींकडे वडिलांचा एकही फोटो नाही. नानांची वस्ती 1966 मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली, साठ हजारांवर माणसे हलवली, घरे पाडली. तिथल्या संग्रहालयात जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा अंथरला आहे, आणि परत आलेले लोक त्यावर आपापल्या घराच्या जागी नावे लिहून गेले आहेत. पत्रावरचा पत्ता आमच्याकडे आहे. गल्ली सापडेल. फाईल सापडेल की नाही, खुदा जाणे.

शेवटी आम्ही असे ठरवले: यंदा हजचा अर्ज भरायचा. सोडतीत नंबर लागला तर हज, नकाशा घडी घालून पेटीत. नाही लागला तर केप, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. अर्ज भरला आहे. शाळेचाही घोळ आहेच. पानगळीची सुरुवात नेमकी परीक्षांच्या तोंडावर येते. अर्धपगारी रजेचा आणि ना हरकत प्रमाणपत्राचा कच्चा अर्ज लिहून ठेवला आहे. 'प्रवासाचे कारण' या रकान्यात काय लिहावे, यावर दोन दिवस गेले. शेवटी 'कौटुंबिक' असे लिहिले.

दरम्यान ऑक्टोबरच्या सुट्टीत रंगीत तालीम झाली. आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी चढवली, दिघीला उतरलो, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असे तीन दिवस घेतले. पाऊस नुकताच गेलेला, भात पिवळे पडू लागलेले. पहिल्या दिवशी ड्रायव्हरसाहेबांचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघेना. दिवेआगरला नव्याने लावलेल्या नारळाच्या वाडीपाशी गाडी आपोआप थांबली. आम्ही काही बोललो नाही. पाऊण तास थांबलो.

परत आल्यावर अम्मींना फायलींचे सांगून टाकले. लपवून ठेवणे बरे वाटेना. त्या काही बोलल्या नाहीत. मगरिबनंतर पेटी घेऊन आल्या आणि लॉरीचे पत्र वाचायला सांगितले. वाचून झाले. मग विचारले, "तुम्हाला किती दिवस लागणार?"

"नऊ दिवस, अम्मी."

"नानांना तीन लागायचे," त्या म्हणाल्या. "गाडी नीट चालवता येते ना याला?"