सीएसएमटी ते रीगल, पायी

चि. मृण्मयीस,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, सहा महिने झाले, पण मुंबई म्हणजे नुसती गर्दी." तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं. तीस वर्षं मी इमारतींचे नकाशे काढले, पण हे शहर मला कळलं ते फोर्टात पायी हिंडून.

तू रोज सीएसएमटीला उतरतेस. एक दिवस लोकल चुकली तरी चालेल, तिकीटघरात थांब आणि मान वर कर. दगडी पानाफुलांत मोर आणि माकडं कोरलेली दिसतील. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आखलेल्या या इमारतीचं काम १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं चाललं. कोरीवकामाला हात लागले ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे. तिथून सरळ रीगलपर्यंत चालत जा. १९३३ चं हे थिएटर याच स्टीव्हन्सच्या मुलाचं, चार्ल्सचं. बापाच्या कमानी, कळस, कोरीव जनावरं. मुलाच्या कोऱ्या, सरळ रेषा. अर्ध्या तासाच्या वाटेत एका घराण्याच्या दोन पिढ्या भेटतात.

पण माझा जीव खरा ओव्हल मैदानावर. पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ सालचे. पश्चिमेला बॅकबेच्या भरावावर उभी राहिलेली आर्ट डेको घरं. त्यांतलं 'एम्प्रेस कोर्ट' आपल्या गजानन म्हात्र्यांनी आखलेलं. या घरांच्या खिडक्यांवरचे छज्जे नीट बघ. भिंतीतून बाहेर आलेली पातळ फळी, खाली ना खांब, ना कमान. दगडाला हे जमलं नसतं. आरसीसीतल्या सळ्यांनी ते जमवलं. जूनच्या सरीतही खिडकी उघडी राहावी, एवढ्यासाठी तो छज्जा. समोरच्या हायकोर्टाचे खोल व्हरांडे तरी कशासाठी? ऊन तेच, पाऊस तोच. एकाने दगडात उपाय शोधला, दुसऱ्याने काँक्रीटमध्ये. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हटलं, ते मला फार योग्य वाटतं. आता जिथे तिथे बाल्कन्या काचा लावून बंद करतात, ते पाहिलं की वाईट वाटतं. हवेसाठी बांधलेली जागा आपणच कोंडतो.

हायकोर्टात एका खांबावर डोळ्याला पट्टी बांधलेलं, हातात तराजू धरलेलं माकड आहे. ते कुणी आणि का कोरलं, यावर वकील मंडळी नाना गोष्टी सांगतात.

या शनिवारी ऑफिस सुटलं की ओव्हलमधल्या पायवाटेवर ये, साडेपाचला. मी तिथेच असेन. टॉवरचं तोंड पश्चिमेला आहे. मावळतीचं ऊन त्याच्या कुर्ला दगडावर शेवटपर्यंत राहतं.

तुझा,
मामा