श्रमदान की वेठ?

आमच्या लेकीला यंदा एका कंपनीत उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळत होती. बारा आठवडे, पगार शून्य! मी म्हटलं, "घे की! एम. एस. करताना मीही सरांच्या लॅबमध्ये उन्हाळाभर फुकट सर्किटं जोडली. त्यांच्याच पत्रावर पहिली नोकरी लागली."

"बाबा, सर तुम्हाला शिकवत होते. इथे नुसत्या याद्या टाइप करायच्यात. आणि तेव्हा तुम्ही राहत कुठे होता?"

एडिसनला, मामांकडे! भाडं नाही, जेवण मामीच्या हातचं. हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

अमेरिकेतला किमान वेतनाचा कायदा १९३८चा. खाजगी कंपनीत बिनपगारी इंटर्न ठेवायचा तर मुख्य फायदा कोणाचा होतो ते पाहायचं, अशी कसोटी कामगार खात्याने २०१८ साली स्वीकारली. विद्यार्थ्याचा असेल तरच चालतं.

लेकीने नकार कळवला. आता ती आठवडाभर एका दुकानात पगारी काम करते आणि शनिवारी फूड बँकेत खोकी भरते. तेही फुकटच, पण ते श्रमदान, आणि ती वेठ.

गेल्या शनिवारी मीही गेलो. घरी येऊन आधी मामीला फोन लावला.