पागेवरचे आभाळ

दख्खनच्या पठारावर घोडा हे हिवाळ्याचे जनावर आहे, ही गोष्ट ज्याने घोडा बाळगलेला नाही त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. दसऱ्यास सीमोल्लंघन करावयाचे आणि मृगाच्या सुमारास छावणीस परतावयाचे, हा जो मराठी फौजांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता, त्याला शुभमुहूर्ताचे अधिष्ठान असेल तेवढे असो; त्याच्या मुळाशी घोड्याचा खूर होता. मराठवाड्याची काळी जमीन एकदा भिजली म्हणजे ती रुतलेल्या खुराला सुखासुखी सोडीत नाही, आणि उन्हाळ्यात वैरणपाण्याची ददात. तेव्हा मोकळ्या आभाळाखाली शेकडो घोडी आगाडी-पिछाडी लावून निर्धास्त उभी करावीत असे दिवस काय ते कार्तिकापासून माघापर्यंतचे. इ. स. १६२४ मध्ये मलिक अंबराने भातवडीच्या तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल माजविला, तेव्हा त्याने शत्रूच्या घोड्यांवर एक जादा पावसाळा लादला, एवढेच. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडा मेला की शिलेदाराची पत गेली. हवामानाकडे पाहण्याची त्या लोकांची दृष्टी काव्यमय असणे शक्य नव्हते.

हा मलिक अंबर आमच्याच गावचा. १६१० मध्ये त्याने येथे खडकी वसविली, तिचे पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. निजामाच्या अमदानीत हैदराबाद कॉन्टिन्जंटचे रिसाले येथल्या छावणीत असत. रिसाले गेले, मग टांगे राहिले. स्टेशनापासून शहागंजापर्यंत टापांचा आवाज ऐकत लहानाची मोठी झालेली माणसे अद्याप हयात आहेत. रिक्षांनी टांगेही घालविले. आता वरातीपुरता घोडा लागतो, आणि वरातीचा मोसमही बव्हंशी कोरड्या आभाळाचाच. तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीला आणि नांदेडकडील माळेगावास खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे जे मोठे बाजार भरतात तेही मार्गशीर्षात, उघड्यावर. घोड्याचा सारा व्यवहार हिवाळ्याच्या भरवशावर उभा आहे, आणि हा भरवसा इतका जुना की त्याचा कोणी विचारही करीत नाही.

मीही केला नव्हता. शहराबाहेर, दौलताबादेच्या वाटेवर मिटमिट्याच्या अंगाला माझी थोडी जिरायत जमीन आहे. तेथे पत्र्याच्या छपराखाली मैना नावाची एक कुमैत घोडी असे. ती कशासाठी पाळली, या प्रश्नाला घरच्यांना पटेल असे उत्तर मला कधीच देता आले नाही. तिची उस्तवार करणारे वृद्ध गृहस्थ एके काळी टांगा हाकीत. सारी वस्ती त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणतो. खरारा करताना ते घोडीशी जे बोलत ते दुसऱ्या कोणाशीही बोलत नसत.

२०१४ च्या आदला उन्हाळा भयंकर गेला होता. २०१२ चा पावसाळा फसला आणि पुढच्या उन्हाळ्यात जालन्याकडे मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या; कडब्याची पेंढी विकत घेताना सोने जोखल्यासारखे वाटे. त्या अनुभवाने शहाणे होऊन २०१४ च्या माघात आम्ही शाळूचा कडबा वेळीच भरला आणि त्याची गंजी अंगणात रचली. उघड्यावरच. मराठवाड्यात हिवाळ्यात गंजीवर ताडपत्री घालणारा माणूस तोपर्यंत थट्टेचा विषय झाला असता.

त्या वर्षी महाशिवरात्र २७ फेब्रुवारीस होती. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करीत निघून जाते असे आपल्याकडे म्हणतात. वेरुळास घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलेली मंडळी परतली ती मात्र अंगावर शाली ओढून. उत्तरेकडून आलेली कोरडी, थंड हवा आणि समुद्रावरून आलेली दमट हवा यांची गाठ नेमकी महाराष्ट्रावर पडली होती, आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट होत राहिली. एखाद्या दुपारी गारांचा मारा व्हावा आणि दुसऱ्या दिवशी निरभ्र आकाश दिसावे, ही आमची परिचित अवकाळीची रीत. तीच गोष्ट पुनःपुन्हा घडावी, हे कोणाच्या स्मरणात नव्हते.

आमच्यावर ती आली मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तिसऱ्या प्रहरी मैनेने तोबऱ्यातील हरभरा अर्धा टाकला आणि छपरातून बाहेर येऊन वायव्येकडे शेपूट करून मान खाली घातली. “मालिक, हिला काहीतरी कळलंय,” चाचा म्हणाले. आभाळ तेव्हा नुसते पिवळट होते. तासाभराने पत्र्यावर पहिली गार वाजली, आणि मग असा कल्लोळ उडाला की समोरासमोर उभे असून आम्हा दोघांना एकमेकांचे शब्द ऐकू येईनात. घोडीला छपराखाली आणताना चाचांचा खांदा शेकून निघाला. आत ती थरथरत होती, पण बुजली नाही. चाचांनी तळहात तिच्या डोळ्यावर धरला होता तो गारा थांबेपर्यंत काढला नाही. बाहेर हरभऱ्याचे घाटे मातीत मिसळले होते आणि कडुनिंबाखाली चिमण्या व साळुंक्या मरून पडल्या होत्या.

मी मोठ्या काळजीने झूल आणली, आणि चाचांनी ती हातातून काढून घेतली. थंडीत घोड्याचे केस उभे राहतात व त्यांच्यात हवा कोंडून राहते, तीच त्याची खरी दुलई. केस भिजून अंगाला चिकटले की ती दुलई गेली, आणि त्यांवर झूल टाकणे म्हणजे ओल कोंडून ठेवणे. म्हणून आधी गोणपाटाने उलट्या केसांनी अंग रगडावयाचे, कोरडे होईस्तोवर, आणि झूल त्यानंतर. त्या आठवड्यात हे काम रोज करावे लागले, कारण आभाळ सकाळी हसे आणि संध्याकाळी उलटे. ठाणात चिखल झाला; खुराच्या तळव्यातील मऊ भाग काळा पडून त्याला कुबट वास येऊ लागला, तो लोखंडी आकडीने साफ करून चाचा त्यात कडुनिंबाचे तेल भरीत. गंजी वरून वाळल्यासारखी दिसे. आत हात घातला की वाफ लागे.

खरे संकट आले ते या वाफेच्या पोटातून. एका रात्री मैना पुढच्या पायाने जमीन खरवडू लागली, मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहू लागली, बसली, उठली, पुन्हा बसली. पोटशूळ. घोड्याच्या जठराचे तोंड असे घट्ट मिटलेले असते की त्याला ओकता येत नाही. आत गेलेले आतल्या मार्गानेच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर प्राणाशी गाठ. थंडीत ती गार पाण्याला तोंड लावीत नव्हती आणि वर हा ओलसर, बुरशीचा कडबा. पशुवैद्य चिखल तुडवीत मोटारसायकलवरून आले, नाकातून नळी घालून त्यांनी पॅराफिनचे तेल पोटात सोडले, वेदना शमविण्याची सुई टोचली आणि लोळू देऊ नका असे बजावून गेले. चाचा तिला कंदिलाच्या उजेडात संथपणे फिरवीत राहिले. मधूनमधून ते थांबत, तिच्या कुशीला कान लावीत, आतडी बोलतात का ऐकत आणि काही न सांगता पुन्हा चालू लागत. पहाटे लीद पडली. इतक्या मनःपूर्वक हर्षाने मी आयुष्यात कशाचेही स्वागत केलेले नाही. चाचांनी मात्र दोन बोटांनी ती दाबून पाहिली, ‘ठीक’ एवढेच म्हणाले आणि मीठ घातलेले कोमट पाणी तिच्यापुढे ठेवले.

पुढे पंचनामे सुरू झाले. तलाठी भाऊसाहेब गट नंबर पाहून हरभऱ्याची नोंद करून गेले. जाताना त्यांनी घोडीकडे पाहिले, तेव्हा मी सहज विचारले की आपत्तीच्या मदतीत घोड्याला काही जागा आहे काय. आहे, असे ते म्हणाले: दुभती जनावरे एका रकान्यात, ओढकामाची दुसऱ्या रकान्यात, आणि त्या दुसऱ्या रकान्यात बैल व उंट यांच्या पंक्तीस घोडाही बसविलेला आहे. मदत मात्र जनावर दगावले तरच. “म्हणजे मेल्यावर सरकार हिला ओळखणार,” चाचा म्हणाले, आणि भाऊसाहेबही मनमोकळे हसले. नियमाला दोष देण्यात अर्थ नाही. उघड्यावरच्या गंजीचा हिशेब कोणत्या कायद्याने ठेवावा? पण शिलेदाराचे घोडे लढाईत पडले तर त्याबद्दल दाद कशी मागावयाची, याचा खल जुन्या दफ्तरांतून जेवढा झाला असेल तेवढा जिवंत घोड्याच्या वैरणीचा झाला असेल काय, अशी शंका मनात आल्यावाचून राहिली नाही.

काळा पडलेला कडबा आम्ही उकिरड्यावर टाकला. शेजाऱ्यांनी तो मागितला, त्यांना नाही म्हणणे अवघड गेले. त्याच वर्षी मराठवाड्यावरचा पावसाळा फसला, २०१५ चाही फसला, आणि २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. ज्या वैरणीला गारांनी झोडपले तिची किंमत तेव्हा समजली. त्यानंतरही अवकाळीने पाठ सोडलेली नाही; २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस, म्हणजे ऐन कार्तिकात, पुन्हा गारा पडल्या. तेव्हा ज्यांच्या दारी घोडा आहे त्यांनी दसऱ्यापूर्वी गंजीवर छप्पर घालावे, ती जमिनीपासून हातभर उंच रचावी, आणि भिजलेला कडबा कोणी फुकट दिला तरी घरात घेऊ नये.