नमुना घेताना

पाण्याचा नमुना घेणं बघणाऱ्याला फार सोपं वाटतं. अहवाल खरा ठरणार की खोटा, हे मात्र त्याच दोन मिनिटांत ठरतं. पुढे प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी बाटलीत बिघडलेला नमुना तिला दुरुस्त करता येत नाही.

हे मी शिकले ते धाराशिव जिल्ह्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. उन्हाळ्यात कळंब-भूमकडच्या गावांत टँकर यायचे. एका विहिरीवर भरलेलं पाणी दुसऱ्याच गावाच्या विहिरीत सोडलं जायचं आणि पाण्याबरोबर तिथले जिवाणूही यायचे. गावातला जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायचा, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ओटी टेस्ट करायचा, मग आम्ही नमुना घ्यायचो.

आता मी न्हावाशेवा बंदरात जहाजांच्या बॅलास्ट पाण्याचे नमुने घेते. रिकामं जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचं पाणी भरून घेतं आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ते सोडून देतं. व्यवहार टँकरचाच, फक्त पाणी हजारो टन आणि मधे अख्खा महासागर. 1991 मध्ये पेरूत पटकीची साथ पसरली. त्यानंतर लॅटिन अमेरिकेतून अमेरिकेच्या आखाती बंदरांत आलेल्या काही जहाजांच्या बॅलास्टमध्ये पटकीचे तेच जंतू सापडले. बॅलास्ट पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार 2004 चा, तो लागू झाला 8 सप्टेंबर 2017 रोजी. सोडलेल्या पाण्याच्या 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलायच्या वसाहती 250 पेक्षा कमी, एन्टरोकोकायच्या 100 पेक्षा कमी आणि पटकीच्या विषारी जातींची 1 पेक्षा कमी असावी, असं तो सांगतो. एन्टरोकोकायची मोजणी मला फार महत्त्वाची वाटते. दोन्ही जिवाणू सांडपाण्याची खूण, पण खारं पाणी आणि ऊन यांत ई. कोलाय लवकर मरतात, एन्टरोकोकाय जास्त तग धरतात. नुसत्या ई. कोलायवर विसंबलं तर किनाऱ्यावर मिसळलेलं सांडपाणी नजरेतून सुटू शकतं.

पुष्कळ जहाजांवर समुद्राच्याच पाण्यात वीज सोडून क्लोरीन तयार करतात आणि त्यानं बॅलास्ट निर्जंतुक करतात. म्हणजे विहिरीतल्या टीसीएलचंच काम. म्हणून दोन्हीकडे बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं असावं लागतं. ते नसेल तर उरलेला क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पाणी निर्मळ दिसतं, आणि गावाला किंवा बंदराला मिळालेलं पाणी मात्र तसं नसतं. हा खोटा दिलासा मला दूषित अहवालापेक्षा भयंकर वाटतो.

गढूळपणाही असाच दगा देतो. पहिल्या पावसानंतर धाराशिवकडच्या तेरणा नदीचं पाणी किंवा मुंबईच्या खाडीचं पाणी घ्या: मातीचे कण क्लोरीन खाऊन टाकतात, जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांना अडवतात, आणि त्यांच्या आडोशाला जिवाणू वाचतात. पटकीचे जंतू तर थंडी-उपासमारीत असे निपचित होतात, की जिवंत असूनही बशीतल्या माध्यमावर वाढत नाहीत. त्यामुळे वसाहत उगवली नाही म्हणजे जंतू नाहीत, असं मी कधीच छातीठोकपणे सांगत नाही.

बाटलीचं झाकण शेवटच्या क्षणी काढावं, तोंडाच्या आत बोट लागू देऊ नये, हलवता यावं म्हणून वर थोडी जागा ठेवावी, नमुना बर्फाच्या पेटीतून लगेच पोचवावा. एवढीच ही कला.

तुमच्या गावच्या पाण्याचा अहवाल आला, की "पिण्यास योग्य" वाचून थांबू नका. नमुना कुठून घेतला, किती वाजता घेतला, प्रयोगशाळेत कधी पोचला आणि बाटलीत थायोसल्फेट होतं का, हे ग्रामसभेत विचारा.